शॉपवर जुनी फाइल नको

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

मोशीला आज परत अडकलो. कंटेनर आडवा, त्याच्या मागे अख्खा नाशिक रस्ता. पेन ड्राइव्ह माझ्या खिशात आणि मशीन चाकणला. पोचलो तेव्हा ऑपरेटर गणराज मशीनच्या दाराला टेकून तंबाखू मळत होता. म्हणाला, "या मास्तर. नैवेद्याची वाट बघून देव झोपला बगा."

माझी पद्धत एकदा इथे नीट लिहून ठेवतो, कारण आज भिमाजीशेठ तिच्याबद्दल पहिल्यांदा वाकडं बोलले. ऑफिस दापोडीला, शॉप, म्हणजे मशिनींचं शेड, चाकणला शेठच्या स्वतःच्या जमिनीवर. दापोडीच्या कॉम्प्युटरवर मी प्रोग्राम लिहितो. कटरने लोखंडात कुठे शिरायचं, किती खोल जायचं, कुठून वर यायचं, सगळं ओळीने. तो पेन ड्राइव्हवर घेतो. उघडून पाहतो. दापोडीतल्या मूळ फाइलीच्या आकाराशी ताडून पाहतो, शेवटच्या बाइटपर्यंत. चाकणला शॉपच्या कॉम्प्युटरवर उतरवतो, परत ताडतो आणि आधीची फाइल तिथून स्वतःच्या हाताने पुसतो. शॉपवर जुनी फाइल नको. एका जॉबच्या, म्हणजे कापायच्या एका नगाच्या, दोन फाइली दिसल्या की ऑपरेटर नको ती चालवणार, हा माझा अनुभव आहे. मी आयटीआयसुद्धा केलेलं नाही. माणहून आलो तो हेल्पर म्हणून. पण इतक्या वर्षांत माझ्या प्रोग्रामने एक कटर मोडलेला नाही.

शेठ म्हणाले, "हिंदुरावभाऊ, चार मशिनी बंद ठिवून तुमची वाट बघायची व्हय आमी? लोकं घरबसल्या पैसं पाठवित्यात, तुमची फाइल तेवढी मोटारसायकलवर येतीय. कायतरी काढा."

"काढतो," म्हणालो. "पण निवडणार मी."

"तुमीच निवडा. दसऱ्याच्या आत. गाडीच्या सीटच्या फ्रेमीचं काम हाय, दसरा झाला की कंपनीची मानसं ट्रायलला येत्यात. ते गेलं तर हे शेड भाड्यानं द्यावं लागंल."

बुधवार, २० ऑगस्ट

वर्षाली म्हणून एक मुलगी जूनपासून ऑफिसात आहे. डिप्लोमा. रावेतहून स्कूटीवर येते, कानात वायर असते. मला काका म्हणते. शॉपवरची माणसं मास्तर म्हणतात, शेठ भाऊ म्हणतात. ही काका.

आज न विचारता म्हणाली, "काका, दोन्ही कॉम्प्युटरवर एकच फोल्डर ठेवता येतं. आपोआप जुळत राहतं. मी लावून देऊ?"

मी म्हणालो, "आपोआप फक्त केस पिकतात. आधी मी बाकीचे मार्ग तपासणार."

हसली. हसण्यासारखं मी काही बोललो नव्हतो.

शनिवार, २३ ऑगस्ट

मार्ग पहिला, ईमेल. मेलवाल्यांना आमच्या फाइलीचा संशय आला. व्हायरस असेल म्हणून परत पाठवली. माझ्या फाइलीत व्हायरस!

मार्ग दुसरा, व्हॉट्सॲप. हा गणराजचा आवडता. "मास्तर, टाका की ग्रुपवर, दोन मिन्टांत घेतो." टाकली. ती त्याच्या फोनवर कुठे पडली, तर गुलाबाच्या फुलांचं शुभ सकाळ आणि मेव्हणीच्या हळदीचे फोटो यांच्या मध्ये. दुरुस्ती करून परत टाकली तेव्हा फोनने तिच्या नावापुढे कंसात एक लावला. तिसऱ्यांदा टाकली, कंसात दोन. गणराज फोन करून विचारतो, "यातली खरी कंची?" मी फोन ठेवून दिला. माझा नियम का आहे ते कुणाला समजावत बसू?

मंगळवार, २६ ऑगस्ट

मार्ग तिसरा. दापोडीत बसून चाकणचा कॉम्प्युटर चालवायचा. पलीकडची स्क्रीन इथे दिसते. गणराजला कळलं नव्हतं की मी पाहतोय. मठाच्या सप्त्याचं कीर्तन लावून बसला होता. स्क्रीनवर त्याचं 'भजन' नावाचं एक फोल्डर दिसलं, चांगलं जाड. म्हटलं, माणूस तंबाखू खातो पण भाविक आहे. त्याला हात लावला नाही. दुसऱ्याच्या देवात आपण शिरू नये.

फाइल निम्मी गेली आणि चाकणची लाइट गेली. परत आल्यावर तिथे निम्मीच फाइल. नाव पूर्ण, पोट अर्धं. हे सगळ्यांत वाईट. मशीनला काय कळतं निम्मी आहे ते? निम्मा जॉब कापून कटर लोखंडातच उभा राहिला असता. मी आकार ताडला म्हणून सापडलं. वर्षालीला दाखवलं. "पाहिलंत? हे पेन ड्राइव्हवर होत नाही."

ती म्हणाली, "बरोबर आहे काका. म्हणूनच मी ते दुसरं म्हणत होते."

घरी बायकोला, कस्तुराला सांगितलं. ती म्हणाली, "मग ती पोरगी म्हणते ते बघा की एकदा. तिच्याशी काय सोयरीक मोडलीय तुमची?"

मंगळवार, २ सप्टेंबर

तिचं सॉफ्टवेअर आज पाहिलं, तिच्यासाठी नाही, ट्रायलची तारीख जवळ येते म्हणून.

फाइलचे तुकडे करून पाठवतं आणि प्रत्येक तुकडा पलीकडे तपासतं. सगळे जुळल्याशिवाय फाइल पूर्ण नावाने दिसतच नाही. अर्ध्यात नेटची वायर उपटली. परत लावली, राहिलं होतं तिथून पुढे गेलं. चाकणला मेन स्विच पाडायला लावला. तेच. पोट फुगवून मोठी केलेली फाइल, मराठी नावाची फाइल, एकाच वेळी ढीगभर फाइली, सगळं करून पाहिलं. आकार जुळले. बाइटला बाइट.

खोट सापडली नाही. दिवसभर डोकं दुखत होतं.

मग ती म्हणाली, "काका, एक लक्षात ठेवा हं. हे फोल्डर एकच आहे, फक्त दोन ठिकाणी दिसतं. इकडं पुसलं की तिकडंही जातं. पुसलेलं जुनं बाजूला ठेवायची एक सोय आहे यात. चालू करू का?"

मी म्हणालो, "जुनं कशाला? शॉपवर जुनी फाइल नको. हे मी तुझ्या जन्माच्या आधीपासून सांगतोय."

"नक्की?"

"लिहून देऊ का?"

तिने सोय बंद ठेवली. या पिढीला एक गोष्ट दोनदा सांगावी लागते.

बुधवार, १० सप्टेंबर

आठवडाभर चालवून पाहिलं, एकही चूक नाही. माझे सगळे प्रोग्राम, सीटच्या फ्रेमीचे धरून, आता त्या फोल्डरमध्ये हलवले. दोन ठिकाणी प्रत आहे, एक दापोडीला, एक चाकणला. मला कुणी सुरक्षितता शिकवू नये.

शेठ आज दापोडीला आले होते. बाहेरच्या दोन पाहुण्यांसमोर म्हणाले, "हे आमचे हिंदुरावभाऊ. शाळा न्हाई, कालिज न्हाई, पर फाइल हितनं फुकली की चाकनला पोचतीय. यांनी शोधून काढलं." वर्षाली शेजारीच होती. तिने मान खाली घालून कीबोर्ड बडवला. सॉफ्टवेअर बाजारात पडलेलंच असतं. निवडणं हे काम आहे, आणि निवडलं मी.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

चाकणला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. सवयीने पेन ड्राइव्ह खिशात होता, मोकळा.

गणराज चकित. "मास्तर, कामून आलात? फाइल आली की सकाळीच."

"आलो सहज."

"बसा, च्या सांगतो."

बसलो. मशीनवर माझाच प्रोग्राम चालला होता. पूर्वी मी आलो की चारही ऑपरेटर भोवती जमायचे, फाइल उतरेपर्यंत गावचं, पगाराचं, पोरांचं बोलणं व्हायचं. आज कुणाला माझं काम नव्हतं. गणराज कॉम्प्युटरपाशी काहीतरी करत होता, मी वळलो तसा त्याने पटकन स्क्रीन बदलली. कीर्तन असणार. चहात साखर जास्त होती.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. सीटच्या फ्रेमीचा शेवटचा प्रोग्राम पूर्ण झाला. अडीच महिन्यांचं काम. यातली प्रत्येक ओळ माझी आहे. सॉफ्टवेअर काढून देतं तसलं कच्चं नाही, हाताने घासलेलं. शेठला फोन केला. म्हणाले, "पोचलं हो, गनराज म्हनला." माझ्या आधी गणराजने सांगितलं होतं.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

शेठने पूजेला चाकणला बोलावलं होतं. म्हणजे ग्रुपवर आवाजी निरोप टाकला, "समद्यांनी या रे." समद्यांनी! पूर्वी मला वेगळा फोन यायचा.

कस्तुरा म्हणाली, "जा की. का अक्षता घेऊन यायला पाहिजे कुणी?"

मी दापोडीला गेलो. माझं हत्यार तिथे आहे. वर्षालीला शेठने चाकणला नेलं होतं, ऑफिसात मी एकटा. कॉम्प्युटर उघडून धूळ काढली, पंखा पुसला, कीबोर्डची एकेक कळ पुसली. मग आतली सफाई. हत्यार वरून चमकवून भागत नाही. डिस्क गच्च भरली होती. तयार झालेले प्रोग्राम इथे ठेवण्यात अर्थ नाही. ते आता चाकणचे. एक प्रत तिथे आहेच. इथलं सगळं काढून टाकलं. कचऱ्याची टोपलीही लगेच रिकामी केली. सणाच्या दिवशी घरात केर ठेवू नये, ही आईची शिकवण. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला. हलकं वाटलं.

दुपारी ग्रुपवर चाकणचे फोटो आले. चारही मशीनना हार. शॉपचा कॉम्प्युटरही पूजेत मांडलेला, स्क्रीनवर देवीचा फोटो लावून चालूच ठेवला होता. वर्षाली साडीत, ताट धरून. माझं नाव कुणी काढलं का, ते फोटोत दिसत नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सकाळी गणराजचा फोन. "मास्तर, फोल्डर रिकामं हाय."

"कोणतं?"

"समदंच. सीटचं, जुनं, नवं. काईच नाई. आत नुसता पांढरा पडदा."

तशीच मोटारसायकल काढून चाकण गाठलं. माझ्या आधी वर्षाली पोचली होती. उद्या ट्रायल. शेठ खुर्चीत बसून टाचा हलवत होते. मी गेल्या गेल्या सांगितलं, "शेठ, मी पहिल्यापासून म्हणत होतो. आपोआप चालणाऱ्या गोष्टीचा भरवसा नाही. पेन ड्राइव्ह असा कधी फसला होता का?"

वर्षालीने सॉफ्टवेअरची नोंद उघडली होती. ती म्हणाली, "काका, बुधवारी दुपारी दापोडीच्या कॉम्प्युटरवरून पुसलं गेलंय. तिकडं पुसलं म्हणून इकडं…"

"मी माझ्या कॉम्प्युटरवरचं पुसलं. चाकणचं नाही. मी चाकणला आलोच नव्हतो, हे सगळ्यांना माहीत आहे."

शेठने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या हाराकडे. "ऱ्हाऊ द्या. सन व्हता," एवढंच म्हणाले. मी अपेक्षा करत होतो की ते त्या मुलीला झापतील. झापलं नाही. तिने दोन्ही कॉम्प्युटरवरून पुसलेलं परत काढायचा प्रयत्न केला. हाती लागली ती नुसती तुटकी नावं. जॉबचे नकाशे होते, पण त्यावरून परत लिहायला दिवाळी उलटली असती.

मग गणराज डोकं खाजवत पुढे आला. "मास्तर, रागवू नका. तुमी म्हंता जुनी फाइल नको. पर आमी ठिवतो."

"कुठे?"

त्याने 'भजन' उघडलं.

सगळं होतं. आजवरचा प्रत्येक जॉब. सीटच्या फ्रेमीचे सगळे, शेवटच्या ओळीपर्यंत. शेठ उठून उभे राहिले, गणराजच्या पाठीवर थाप मारली. वर्षालीने डोळे पुसले. मी खिशातून कागद काढला आणि आकार ताडायला बसलो. आकार माझे मला पाठ असतात, कागद नुसता दाखवायला.

जुळेनात. एकही नाही, असं नाही. काही जुळले. बरेच नाहीत. काही बाइटांचा फरक, कुठे जास्त.

"यात कुणी हात घातलाय?"

गणराज पायाच्या अंगठ्याने फरशी घासत म्हणाला, "थोडं थोडं, मास्तर. कटर वर यायला कमी पडायचा, जॉब धरायच्या पट्टीला धडकला असता. मंग आमी वाढवून घ्यायचो. तुमी हितं यायच्या दिवशी तुमचीच ठिवायचो म्होरं."

"कधीपासून?"

"मी आलो तवापासून. माज्या आधी दगडू करायचा. त्यानंच शिकवलं."

"मला का नाही सांगितलं?"

तो शेठकडे पाहायला लागला. शेठ बाहेर जाऊन कुणाला तरी फोन लावत होते, किंवा कानाला फोन धरून उभे होते.

"एकदा दगडूनं सांगितलं व्हतं म्हनं. तुमी आठ दिवस जेवला न्हाईत हितं."

मला आठवत नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

ट्रायल झाली. कंपनीची माणसं खूश. 'भजन'मधल्या फाइलींवर चालली. मी गेलो नाही, ताप होता. कस्तुराने कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "गार आहे."

मंगळवार, ७ ऑक्टोबर

शेठचा फोन. अगदी गोड. "भाऊ, आता दगदग कमी करा. प्रोग्राम तुमीच लिवा, पर पाठवायचं ती पोरगी बघंल."

म्हणजे जे मी निवडलं ते आता ती चालवणार. ठीक.

दोष मात्र नोंदवून ठेवतो: सॉफ्टवेअरला माणसाचा हेतू कळत नाही. आपण आपलं घर झाडलं तर ते शेजाऱ्याचंही घर रिकामं करतं. असल्या साधनाला निर्दोष म्हणता येत नाही.

दुपारी तिला म्हणालो, "ती सोय. जुनं ठेवायची. चालू करून टाक."

ती म्हणाली, "शुक्रवारीच केली, काका. आता पुसलं तरी बाजूला राहतं." आणि मग, "गणराजदादांचं भजनचं फोल्डरही जोडलंय. शेठ म्हणाले. ते आता इथंही दिसेल तुम्हाला, आणि इथून पुढं त्यात ते फक्त दुरुस्त केलेल्याच फाइली टाकणार आहेत. चालेल ना?"

न चालायला माझं आहे काय त्यात.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सकाळी एक नवीन प्रोग्राम दिला, चार भोकांची साधी प्लेट. तिने पाठवला. तासाभराने 'भजन'मध्ये तोच प्रोग्राम दिसला. नाव माझं, आकार वेगळा. माझ्या डोळ्यांसमोर, दापोडीत.

दोन्ही शेजारी शेजारी उघडून ओळ न् ओळ पाहिली. फरक एकाच ओळीत. कटर एका भोकावरून दुसऱ्या भोकावर जाताना मी वीस मिलिमीटर वर घेतला होता. त्यांनी पन्नास केला होता. मध्ये पट्टी येते. नकाशात पट्टी नसते. पट्टी शॉपवर असते. मी वर्षानुवर्षं तिथे उभा राहून चहा प्यायलो आणि ती पट्टी मला कधी दिसली नाही, असं त्यांना म्हणायचं असेल तर म्हणोत.

पुसायला हात गेला. मग आठवलं, आता पुसलं तरी राहतं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आजच्या प्रोग्राममध्ये मी आधीच पन्नास घेतले. कुणाला सांगितलं नाही. मला तरी कुणी सांगितलं होतं?

वर्षालीने सकाळी पाठवला. 'भजन' उघडं ठेवून बसलो. ती दोनदा म्हणाली, "काका, डबा." चाकणला जॉब लागला असेल, संपला असेल, पुढचा चढला असेल.

दिवसभर पाहिलं. 'भजन'मध्ये आज काही आलं नाही.